वेळू : वृक्ष कीं तृण?

तत्त्वज्ञानाचा विषय निघाला कीं चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या मनांतहि एक शंका हटकून येते. दोन कल्पना एकमेकींच्या अगदीं जवळच्या असतात. पंडित त्यांच्यामधला भेद दाखविण्यासाठीं ग्रंथच्या ग्रंथ लिहितात. आणि वाचणारा मनांत म्हणतो, 'हें सर्व खरें असेल. पण त्यामुळें कोणाच्या ताटांत काय अधिक वाढलें जाणार आहे?' हा प्रश्न अडाणीपणाचा दिसेल या भीतीनें पुष्कळजण तो बोलून दाखवीत नाहींत. माझ्या मतें तो विचारलाच पाहिजे. सारख्या दिसणाऱ्या दोन संकल्पनांपैकीं कोणती पत्करावयाची, याचा निर्णय अनेकदां तिच्यापासून व्यवहारांत काय निष्पन्न होतें हें पाहूनच करावा लागतो. आणि तसा तो केल्यानें तत्त्वज्ञानाला कांहीं कमीपणा येत नाहीं. या विधानाच्या पुष्ट्यर्थ जें उदाहरण मी आज घेणार आहें, तें महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांच्या इतिहासांतलें आहे. तेथें एका शब्दाच्या अर्थावर माणसांची उपजीविका अडून राहिली होती. प्रश्न दिसावयास इतकाच होता : वेळू, म्हणजे आपला नित्य परिचयाचा बांबू, हा वृक्ष आहे कीं तृण?

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत हा मुलूख पसरलेला आहे. पूर्वीं या सर्वाला चांदा जिल्हा म्हणत. गोंड राजांच्या हातून तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८५४ सालीं इंग्रजांकडे गेला, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील भाग वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. येथील अरण्यांत साग आहे, मोह आहे, तेंदू आहे. पण गरिबाच्या संसाराला पावलोपावलीं लागतो तो बांबू. घराचा कूड त्याचा, परसाचें कुंपण त्याचें. सूप, टोपली आणि धान्य सांठविण्याची कणगीहि त्याचीच. पावसाळ्यांत त्याचे कोवळे कोंब 'वास्ते' या नांवानें भाजीला येतात. बुरुडांचा तर सारा धंदाच त्यावर उभा आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीलाहि कच्चा माल म्हणून हाच बांबू लागूं लागला. म्हणजे बुरुडाची सुरी आणि गिरणीचें यंत्र, दोन्ही एकाच बेटाकडे पाहत होतीं.

आतां या बांबूची जात कोणती? वनस्पतिशास्त्राला विचारलें तर उत्तर निःसंदिग्ध आहे. गहूं, भात, ज्वारी, ऊंस यांच्याच कुळांतला तो आहे. म्हणजे तें एक गवत आहे. झाडाचें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें. बांबूचा कोंब जमिनींतून जेवढा जाड निघतो तेवढाच तो जन्मभर राहतो, आणि कांहीं महिन्यांच्या आंतच आपली पूर्ण उंची गांठतो. बेटांतले जून वेळू रीतसर कापले तर बेट मरत नाहीं. पुढल्या पावसाळ्यांत नवे कोंब वर येतात. मात्र कित्येक वर्षांनीं एकदां त्याला फुलोरा येतो, धान्यासारखें बीं धरतें, आणि मग तें सबंध बेटच वाळून जातें. पीक पिकलें कीं धाटें वाळावीं, तसाच हा प्रकार. फक्त या पिकाचा हंगाम माणसाच्या अर्ध्या आयुष्याएवढा लांब असतो.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या ध्यानीं आलेली होती. अमरकोशांत वेळूचीं जीं नांवें दिलीं आहेत त्यांत 'तृणध्वज' आणि 'यवफल' हीं दोन आहेत. गवतांमधला ध्वज तो तृणध्वज, आणि ज्याला जवासारखें फळ येतें तो यवफल. पण कोशकारांची अडचणहि त्याच ठिकाणीं दिसते. कारण खजूर, केतकी यांसारख्यांना तेथें 'तृणद्रुम' असें जोडनांव आहे, म्हणजे गवतहि आणि झाडहि. पाश्चात्य शास्त्रज्ञांची तीच ओढाताण झाली. चांदा भागांत जो भरीव बांबू विपुल आढळतो आणि ज्याला मराठींत मानवेल म्हणतात, त्याच्या जातीचें शास्त्रीय नांव 'डेंड्रोकॅलॅमस' असें आहे; ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'वृक्ष-बोरू' असाच होतो. तथापि वर्गीकरणाविषयीं शास्त्रज्ञांत संशय नव्हता. जेम्स साइक्स गॅम्बल हे हिंदुस्थानच्या वनखात्यांतलेच अधिकारी. त्यांनीं १८९६ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांतील बांबूंवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि बांबू हें गवत आहे ही गोष्ट त्या खात्याला ग्रंथरूपानें घरचीच झाली होती.

असें असतां १९२७ सालच्या भारतीय वन अधिनियमाच्या दुसऱ्या कलमानें काय केलें? 'वृक्ष' या शब्दांत ताडमाड, बांबू, खुंट, झुडुपें आणि वेत यांचा समावेश होतो, असें त्यानें ठरविलें. त्याच कलमांत 'इमारती लाकूड' या शब्दाचीहि व्याख्या आहे, आणि तींत तोडलेला किंवा उन्मळून पडलेला वृक्ष येतो. आतां हीं दोन वाक्यें एकापुढें एक ठेवून पहा. बांबू हा वृक्ष. तोडलेला वृक्ष म्हणजे इमारती लाकूड. म्हणून तोडलेला बांबू म्हणजे इमारती लाकूड. अशा दोन पायऱ्यांनीं बुरुडाच्या हातांतली कांब सागाच्या ओंडक्याच्या पंक्तीला जाऊन बसली.

यांत कोणाचें काय बिघडलें, असें कोणी विचारील. तें नीट पाहण्यासारखें आहे. त्या अधिनियमांत गवत, वेली, बोरू यांसारख्या वस्तु वनांत सांपडल्या किंवा वनांतून आणल्या, तरच 'वनोपज' ठरतात. इमारती लाकडाला मात्र ही अट नाहीं. तें वनांतून आणलेलें असो वा नसो, वनोपजच होय. त्यामुळें एखाद्या शेतकऱ्यानें स्वतःच्या बांधावर हातानें लावलेला बांबू तोडून गाडींत घातला, तरी त्याची वाहतूक वनखात्याच्या नियमांखालीं येऊं शके आणि त्याला परवाना दाखवावा लागे. त्याच बांधावरच्या गवताचा भारा मात्र तो खुशाल बाजारांत नेई. दोहोंचें कूळ एक, बांध एक, धनी एक. फरक पडला तो केवळ कायद्यांतल्या एका शब्दानें.

येथें घाईनें असें म्हणण्याचा मोह होतो कीं, कायदा करणाऱ्यांना वनस्पतिशास्त्र येत नव्हतें, त्यांनीं चूक केली, आणि ती दुरुस्त झाली कीं प्रश्न मिटला. परंतु गोष्ट इतकी सोपी नाहीं. आपल्या नैयायिकांनीं व्याख्येचे जे दोष सांगितले आहेत त्यांत अतिव्याप्ति हा एक आहे. जें लक्ष्य नाहीं त्यालाहि लक्षण लागूं पडणें, तो हा दोष. 'वृक्ष' या शब्दाचें लक्षण बांबूला लावणें ही उघड अतिव्याप्ति आहे, असें आपण म्हणूं. पण शास्त्रांत लक्षण वेगळें आणि परिभाषा वेगळी. पाणिनीनें दीर्घ ईकारान्त व ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांना 'नदी' अशी संज्ञा दिली आहे. त्या संज्ञेप्रमाणें 'गौरी' ही नदी आणि 'वधू' हीहि नदी! म्हणून पाणिनीला भूगोल येत नव्हता असें कोणी म्हणत नाहीं. त्याला कांहीं रूपें एका सूत्रांत साधावयाचीं होतीं, त्या प्रयोजनासाठीं त्यानें ती संज्ञा योजिली. १९२७ च्या अधिनियमांतला 'वृक्ष' हा याच जातीचा शब्द आहे. सरकारला ज्या वस्तूंची तोड, वाहतूक आणि विक्री एका दावणीला बांधावयाची होती त्यांना त्यानें एक नांव दिलें. तेव्हां 'हें खरें कीं खोटें' एवढेंच विचारून भागत नाहीं. 'हें कशासाठीं' हेंहि विचारावें लागतें.

अशीं उदाहरणें अन्यत्रहि आहेत. अमेरिकेंत १८८३ सालच्या जकातीच्या कायद्याप्रमाणें परदेशांतून येणाऱ्या भाज्यांवर शेंकडा दहा जकात होती आणि ताज्या फळांवर ती नव्हती. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्यानें टोमॅटो आणले आणि वाद घातला कीं, हें फळ आहे. वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूनें होतें. १८९३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, वेलीचें फळ हें खरें. पण लोक टोमॅटो जेवणांत भाजी म्हणून खातात, जेवणानंतर फळ म्हणून नव्हे. म्हणून जकातीपुरती ती भाजीच. न्यायालयानें शास्त्र खोटें ठरविलें नाहीं. जकातीच्या कामाला स्वयंपाकघरांतली विभागणी अधिक उपयोगी आहे, एवढेंच त्यानें म्हटलें.

तत्त्वज्ञानांत या विचारपद्धतीला एक निश्चित जन्मकाळ आहे. चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें जानेवारी १८७८ मध्यें एका मासिकांत लेख लिहून असें प्रतिपादन केलें कीं, एखाद्या संकल्पनेपासून व्यवहारांत जे जे परिणाम होणें संभवनीय आहे त्यांचा विचार म्हणजेच त्या संकल्पनेचा संपूर्ण अर्थ होय. पुढें विल्यम जेम्सनें १९०७ सालच्या आपल्या 'प्रॅग्मॅटिझम' या व्याख्यानग्रंथांत हा विचार लोकांपर्यंत नेला. दोन मतांचा वाद चालला असेल तर एक खरें धरल्यानें काय होईल आणि दुसरें खरें धरल्यानें काय होईल, हें पहावें. जर दोहोंपासून एकच गोष्ट घडणार असेल तर तो वाद सोडून द्यावा. ही कसोटी मोठी सोईची आहे. पण तिच्यांत एक जागा रिकामी आहे. फरक पडतो हें खरें. पण तो कोणाला पडतो? खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याला कीं डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला? परिणाम मोजावयाचे तर कोणाच्या घरीं जाऊन मोजावयाचे, हें ठरविल्यावांचून ही कसोटी अर्धीच राहते.

योगायोग असा कीं, त्याच १८७८ सालीं हिंदुस्थानांत वनांचा जो कायदा झाला, त्याच्या मुळाशीं दोन जवळच्या संकल्पनांचाच झगडा होता. 'हक्क' आणि 'सवलत' या त्या दोन संकल्पना. गांवकरी पिढ्यान्‌पिढ्या जंगलांतून सरपण, बांबू, कांटे, गवत आणीत आले. गुरें चारीत आले. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचें म्हणणें असें कीं, पूर्वेकडील देशांत पडीत जमिनीचा आणि वनाचा मालक राजा. त्यानें मना केलें नाहीं म्हणून लोक आणीत आले. म्हणजे ती केवळ सवलत होती, आणि राजाच्या जागीं आलेलें सरकार ती केव्हांहि काढून घेऊं शकतें. वनखात्याचे पहिले मुख्य अधिकारी डीट्रिख ब्रँडिस हे जन्मानें जर्मन. त्यांचा कल निराळा होता. दीर्घकाळची वहिवाट ही युरोपांत जशी हक्क मानली जाते तशी येथेंहि मानावी, आणि गांवांसाठीं वेगळीं वनें राखावीं, असें त्यांना वाटे. १८७८ च्या कायद्यांत ग्रामवनांचें प्रकरण आलें खरें. पण एकंदर झुकतें माप राज्याच्या मालकीकडेच पडलें.

एरव्हीं पाहिलें तर हक्क आणि सवलत यांत दिसण्यासारखा भेद कोणता? आज सकाळीं जंगलांत गेलेली बाई दुपारीं मोळी घेऊन घरीं येते. तिच्याकडे पाहून ती हक्कानें आणते आहे कीं सवलतीनें, हें कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं. चूल दोन्ही प्रकारें पेटतेच. भेद दिसतो तो ज्या दिवशीं कोणी तिला अडवील त्या दिवशीं. सवलत असेल तर तिनें विनंति करावयाची. हक्क असेल तर अडविणाऱ्यानें कारण दाखवावयाचें. तेव्हां या दोन संकल्पनांमधला फरक रोजच्या दिवसांत लपून असतो आणि अडचणीच्या दिवशीं एकदम प्रगट होतो. म्हणून 'फरक काय पडतो' हें विचारतांना चांगल्या दिवसाचा हिशेब पुरत नाहीं; वाईट दिवसाचा करावा लागतो.

राजा हाच भूमीचा मालक, हें जें गृहीत धरलें गेलें तें आपल्या शास्त्रकारांना सर्वस्वीं मान्य नव्हतें. मीमांसेंत विश्वजित् नांवाच्या यज्ञाचा विचार आहे. त्या यज्ञांत यजमानानें आपलें सर्वस्व दान करावयाचें असतें. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्यानें पृथ्वीहि दान करावयाची काय? जैमिनीनें त्याला नकार दिला आहे, कारण भूमि सर्वांना सारखीच आहे. आणि भाष्यकार शबरस्वामींनीं तोच विचार विशद केला. राजा पिकांचें रक्षण करतो आणि त्याबद्दल त्याचा वांटा घेतो. एवढ्यानें भूमीवर त्याचें स्वामित्व येत नाहीं. पुढें सतराव्या शतकांत नीलकंठभट्टांनीं आपल्या 'व्यवहारमयूखां'त हाच सिद्धान्त धरला. हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें, काशीस जाऊन राहिलेलें. आणि इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत त्यांचा ग्रंथ प्रमाण मानला जाई. त्यांच्या मतें देश जिंकला तरी राजाला करापुरताच अधिकार मिळतो. गांवांतल्या शेताचें स्वामित्व ज्याचें त्याच्याकडेच राहतें. पालन आणि स्वामित्व या दोन कल्पना किती जवळच्या आहेत पहा! पण त्या एक मानल्या असत्या तर एका राजाच्या यज्ञापायीं सगळ्या रयतेचीं शेतें दक्षिणेंत गेलीं असतीं. भेद सूक्ष्म होता. त्याचें प्रयोजन मोठें होतें.

आतां पुन्हां चांद्याकडे येऊं. हा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रांतांत, म्हणजे पुढच्या मध्यप्रदेशांत होता. तेथें 'निस्तार' असा एक शब्द रूढ आहे. घरची गरज भागविण्यासाठीं जंगलांतून जें आणावयाचें तो निस्तार. १९५० च्या कायद्यानें मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या संपल्या आणि त्यांचीं वनें सरकारकडे आलीं. गांवकऱ्यांचा निस्तार कागदोपत्रीं नोंदलेला राहिला. पण हा निस्तार म्हणजे हक्क कीं सवलत, हें संदिग्धच होतें. संदिग्ध गोष्टीचा अर्थ अखेर ज्याच्या हातीं सत्ता असते तोच लावतो. घरापुरता बांबू आणावयास मिळे. पण बांबूच्या बेटांची व्यवस्था कोणी पहावी, तोड कोणी करावी, विकला तर पैसा कोणाचा, हे प्रश्न गांवाच्या कक्षेबाहेरचे समजले जात. गिरणीला दीर्घ मुदतीच्या करारानें बांबू मिळे, आणि गांवकरी त्याच बेटांत मजुरीनें तोड करीत.

पुढचा इतिहास नजीकचा आहे. १९९६ सालीं संसदेनें अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीं कायदा केला आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे असावी असें म्हटलें. पण 'गौण वनोपज' म्हणजे काय हें त्यांत सांगितलें नाहीं. १९९७ सालीं महाराष्ट्रानें त्याला अनुसरून जो कायदा केला त्याच्या यादींतून ज्या दोन वस्तूंना खरी किंमत होती त्या, म्हणजे बांबू आणि तेंदूपान, वगळल्या गेल्या. मालकी दिली, पण कशाची, हें ठरविणारा शब्द देणाऱ्यानें आपल्याकडेच ठेवला. अखेर २००६ च्या वनहक्क कायद्यानें दोन्ही गांठी एकदम सोडविण्याचा प्रयत्न केला. त्यानें 'हक्क' हा शब्द नांवांतच घातला, वनांत राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचें प्रस्तावनेंत मान्य केलें, आणि गौण वनोपजाच्या व्याख्येंत बांबूचें नांव स्पष्टपणें लिहिलें.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवकरी आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासांत तेथें अभ्यासगट चालत आला होता. कायदा काय म्हणतो, शब्दाचा अर्थ काय, याचा खल गांवांतच होई. २००९ सालीं या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्काचा कागद मिळाला. देशांत असा हक्क सर्वांत आधीं मिळालेल्या गांवांत त्याची गणना होते. पण ग्रामसभेनें बांबू विकावयाचें ठरवून वाहतुकीचा परवाना मागितला तेव्हां जुनी व्याख्या आडवी आली. बांबू हा १९२७ च्या कायद्यानें वृक्ष, म्हणजे इमारती लाकूड. आणि इमारती लाकडावर तुमचा हक्क नाहीं! एका शब्दानें दिलेलें दुसऱ्या शब्दानें परत घेतलें. तोडलेला बांबू जागच्या जागीं पडून राहिला तर त्यावरच्या स्वामित्वाचें करावयाचें काय?

गांवकरी हटले नाहींत. २१ मार्च २०११ रोजीं केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनीं सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असें कळविलें. आणि २७ एप्रिल २०११ रोजीं ते स्वतः व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यांत आलें. २०१२ सालीं नियमांतहि दुरुस्ती होऊन असे परवाने ग्रामसभेच्या समितीनें द्यावे असें ठरलें. तथापि १९२७ ची व्याख्या अद्याप तशीच होती. वनांतला बांबू सुटला. बांधावरचा अडकलेलाच राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्यें अध्यादेश निघाला, आणि त्यापाठोपाठ संसदेनें दुरुस्ती करून 'वृक्ष' या शब्दाच्या व्याख्येंतून बांबू हा शब्द काढून टाकला. नव्वद वर्षांनीं बांबू कायद्यानेंहि गवत झाला.

श्रोत्यांनीं येथें एक बारकावा लक्षांत घ्यावा. २००६ चा कायदा आणि २०१७ ची दुरुस्ती यांनीं एकच काम केलेलें नाहीं. २०१७ च्या दुरुस्तीनें स्वतःच्या जमिनींत बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याची सुटका केली. पण वनांतून आणलेलें गवतसुद्धां वनोपजच असल्यामुळें, केवळ तिच्या आधारानें मेंढ्याच्या गांवकऱ्याला कांहीं मिळालें नसतें. त्याला जें मिळालें तें 'हक्क' या शब्दानें. म्हणजे वृक्ष कीं तृण हा प्रश्न वरचा होता. त्याच्या खालीं हक्क कीं सवलत हा प्रश्न होता. पहिला सोडविला आणि दुसरा तसाच ठेवला, तर बांबूचें नांव बदलेल, माणसाची स्थिति बदलणार नाहीं.

आतां विरुद्ध बाजूचेंहि म्हणणें ऐकलें पाहिजे. प्रयोजनावरून संकल्पना निवडावयाची, असें एकदां म्हटलें कीं ज्याला जें सोईचें तें त्यानें म्हणावें, असा अनर्थ तर होणार नाहीं? वनखात्याचें मूळ प्रयोजनहि कांहीं सर्वस्वीं वाईट नव्हतें. बाजाराची मागणी वाढली कीं बेटें ओरबाडलीं जातात, हें भय खरें आहे. आणि कडक नांव दिलें तर रक्षण सोपें होतें, हा तर्कहि समजण्यासारखा आहे. यावर उत्तर एवढेंच कीं, संकल्पना माणसानें निवडावयाची असली तरी वस्तूचा स्वभाव त्याच्या निवडीवर अवलंबून नसतो. बांबूला वृक्ष म्हणा कीं तृण म्हणा; त्याचे चालू वर्षाचे कोंब कापले तर बेट खंगणारच, जून वेळू मुळींच कापले नाहींत तर बेट गच्च होऊन कोंडणारच, आणि फुलोरा यावयाचा तेव्हां तो येणारच. हे नियम सरकारला जसे लागूं आहेत तसे ग्रामसभेलाहि लागूं आहेत. हक्क मिळाला म्हणजे बेटाच्या नियमांतून सुटका झाली, असें नव्हे; उलट ते पाळण्याची जबाबदारी आतां आपल्या शिरावर आली. जी संकल्पना वस्तूच्या स्वभावाशीं अधिक जुळती असेल ती घेऊन चालणाऱ्याला ठेंचा कमी लागतात. आणि बांबूला वर्षावर्षानें कापणीस येणारें गवत समजणें, हें त्याच्या योग्य तोडीलाहि अधिक अनुकूल आहे.

राहिला प्रश्न, प्रयोजन कोणी ठरवावें? मेंढ्याच्या ग्रामसभेनें याविषयींहि दोन जवळच्या कल्पनांतून एक विचारपूर्वक निवडली आहे. ती निर्णय बहुमतानें घेत नाहीं, सर्वसहमतीनें घेते. हात मोजण्याची रीत सोपी आणि जलद आहे, हें खरें. पण शंभराच्या आसपास घरांच्या गांवांत, जेथें जिंकलेल्याला आणि हरलेल्याला उद्यां एकाच बेटांत कोयता चालवावयाचा असतो, तेथें हरलेली बाजू मागें ठेवून चालत नाहीं. एकाचा विरोध असेल तर थांबावयाचें, पुन्हां बोलावयाचें. मोठ्या शहराला ही रीत झेपेलच असें नाहीं. आणि तीहि गोष्ट माझ्या आजच्या विषयाला धरूनच आहे. कोणती कल्पना श्रेष्ठ हें जागा आणि काम पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

एकंदरीत, दोन सारख्या संकल्पना समोर आल्या म्हणजे तीन गोष्टी विचाराव्या, असें हा इतिहास शिकवितो. या निवडीनें व्यवहारांत कोणता फरक पडतो, आणि तो चांगल्या दिवशीं न दिसला तरी अडचणीच्या दिवशीं दिसेल काय? तो फरक कोणाच्या घरीं पडतो, आणि निवड करणारा तोच आहे काय? आणि वस्तूचा जो मूळ स्वभाव आहे त्याच्याशीं ही निवड जुळते काय? शब्दांचा कीस काढणें हा रिकामपणचा उद्योग आहे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं एकदां धानोऱ्याच्या बाजूला जाऊन बांबूनें भरलेली गाडी नाक्यावरून बाहेर पडतांना पहावी. ग्रामसभेचा परवाना तीबरोबर असतो, आणि त्याचें बळ कायद्यांतल्या अवघ्या दोनतीन शब्दांवर उभें आहे.